द्वेष की दुजाभाव? समलिंगी विवाहाच्या वादात 'होमोफोबिया' हा शब्द कधी वापरावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या गावच्या व्याख्यानमालेत समलिंगी विवाहावर वादसभा झाली. बाजूनं बोलणाऱ्या वक्त्यानं विरोधकांना सरळ 'होमोफोबिक' म्हटलं. समोरचे वक्ते 'माझा कायद्याला विरोध आहे, मी कुणाचा द्वेष करत नाही' असं म्हणून मंचावरून उतरले. संचालक या नात्यानं तुम्ही मधल्या मधे अडकलात, आणि आता विचारताय की असा विरोध म्हणजे होमोफोबिया, हो की नाही?

वादसभांचं संचालन आणि परीक्षण हे माझं काम आहे, त्यामुळे आधी माझं मत सांगून टाकते. निव्वळ विरोध केला म्हणून कुणी होमोफोबिक ठरत नाही. पण विरोधाचं कारण तपासायचा आणि ते कारण पक्षपाती निघालं तर तसं स्पष्ट म्हणायचा अधिकार समोरच्या बाजूला हवाच. प्रत्यक्षात मंचावरून जी कारणं सर्वाधिक ऐकू येतात त्यातली निम्म्याहून जास्त या तपासणीत गळतात असा माझा अनुभव आहे. काही टिकतात. कुठलं कारण टिकतं आणि कुठलं गळतं, हे बोलणारा कुठल्या गोष्टीला विरोध करतोय आणि कुठवर करतोय यावर अवलंबून आहे. म्हणून नुसतं 'हो' किंवा 'नाही' सांगून तुमचं काम भागणार नाही.

निम्मं भांडण शब्दाचं आहे. जॉर्ज वाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात 'होमोफोबिया' हा शब्द वापरात आणला आणि १९७२च्या त्याच्या पुस्तकानंतर तो सर्वत्र पसरला. त्याला अभिप्रेत होती भीती: समलिंगी माणसाच्या नुसत्या सान्निध्यानं वाटणारी धास्ती. पुढं त्याच शब्दात पूर्वग्रह आला, आणि नंतर समलिंगी माणसांना खालच्या पायरीवर ठेवणारे कायदे आणि रिवाजही आले. एका शब्दावर असा तिहेरी भार पडला. मराठीत त्याचं 'समलैंगिकद्वेष' केलं तेव्हा आणखी घोटाळा झाला, कारण द्वेष म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यापुढं दात-ओठ खाणारा माणूस येतो. ऐकणारा मनात डोकावून बघतो, तिथं त्याला तसलं काही सापडत नाही, आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो, 'मी कुठं द्वेष करतो?' आरोप करणारा मात्र त्याच्या मनाबद्दल बोलतच नसतो. तो बोलत असतो मिळणाऱ्या वागणुकीबद्दल. दोघंही आपापल्या अर्थानं खरं बोलतात आणि वाद जागचा हलत नाही.

आपल्याकडे यासाठी अधिक नेमका शब्द आहे: दुजाभाव. पंक्तिप्रपंच म्हणा हवं तर. एकाच पंगतीत एकाच्या पानात तूप वाढलं आणि शेजारच्या पानाला वगळून वाढपी पुढं गेला, तर त्याच्या मनात द्वेष होता का हे शोधत बसावं लागत नाही. पान दिसतं. त्यामुळे मंचावर 'द्वेष' सिद्ध करायला जाऊ नये असं मी वक्त्यांना सांगते. तो सिद्ध होत नाही आणि माणूस दुखावतो. दुजाभाव मात्र पुराव्यानिशी दाखवता येतो.

हा प्रश्न एका अख्ख्या देशात कसा पेटला होता ते आयर्लंडमध्ये बघा. ११ जानेवारी २०१४ला आरटीई या सरकारी वाहिनीवर रॉरी ओ'नील यांची मुलाखत झाली. पँटी ब्लिस या नावानं स्त्रीवेशात रंगमंचावर येणारे हे कलावंत. आयर्लंडमधल्या होमोफोबियाबद्दल विचारल्यावर त्यांनी विवाह-समानतेला विरोध करणारे काही स्तंभलेखक आणि इओना इन्स्टिट्यूट ही संस्था यांची नावं घेतली. लगेच वकिलांची पत्रं आली. वाहिनीनं तो कार्यक्रम संकेतस्थळावरून उतरवला, माफी वाचून दाखवली आणि तक्रारदारांना मिळून ८५,००० युरो दिले. त्यावर एवढा गदारोळ झाला की विषय संसदेपर्यंत गेला. १ फेब्रुवारीला डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात ओ'नील यांनी दिलेलं उत्तर जगभर ऐकलं गेलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता: रस्ता ओलांडायला उभा असताना आपल्या उभं राहण्यातून काही 'कळत' तर नाही ना, म्हणून मी स्वतःला चाचपतो, आणि ज्यांना हे कधी करावं लागलं नाही ते मला होमोफोबियाची व्याख्या शिकवतात.

या प्रकरणातून संचालकानं दोन गोष्टी घ्याव्यात. एक, नाव घेऊन माणसाला विशेषण लावलं की चर्चा अब्रुनुकसानीची होते आणि मूळ विषय महिनोन्महिने बाजूला पडतो. दोन, 'मला तसं म्हणूच नका' ही मागणी जिंकली तरी वाद जिंकता येत नाही, कारण ज्याला रोज झळ बसते त्याचंच तोंड बंद केलं असं लोकांना दिसतं. पुढं २२ मे २०१५ला आयर्लंडमध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत झालं. १२,०१,६०७ मतं 'हो'ला पडली, म्हणजे ६२ टक्के. 'नाही'ला ७,३४,३०० पडली. या सात लाखांत चर्चमध्ये जाणाऱ्या आज्या होत्या, मुलांच्या संगोपनाची काळजी करणारे आईबाप होते, आणि विवाह या शब्दाचा अर्थ बदलू नये असं मानणारे थोडे समलिंगी पुरुषही होते. खरोखर तिरस्कार करणारेही असणारच. एवढ्या सगळ्यांवर एकच शिक्का मारला तर त्या शिक्क्यातून काहीच कळत नाही, आणि त्यातल्या तिरस्कार करणाऱ्यांना गर्दीत लपायला मिळतं.

याच मोहिमेत, १८ जानेवारी २०१५ला, तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी तिथल्या रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. ते २०१७ साली पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाला, त्यांच्या वडिलांच्या मूळ गावाला, केवढा आनंद झाला होता! आपल्याकडच्या सभेत हे उदाहरण दिलं की 'हे सगळं परक्यांचं' हा सूर थोडा खाली येतो.

आता तपासणीकडे. विरोधी वक्त्याला मी चार प्रश्न विचारते, आणि क्रम बदलत नाही.

पहिला: विरोध नावाला आहे की हक्कांना? 'विवाह' हा शब्द स्त्री-पुरुषांसाठी राखून ठेवावा, बाकी हक्क द्यावेत, असं कुणी म्हणत असेल तर ती एक भूमिका आहे. पण मग हक्कांची यादी समोर ठेवून एकेकाला 'हो' म्हणवून घ्यावं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे. वीस वर्षं सोबत राहिलेला जोडीदार त्या यादीत कुठंच नाही. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त भेट मिळाली तर त्यावर प्राप्तिकर लागतो. नवरा-बायकोत लागत नाही. २०२२च्या दत्तक नियमावलीनुसार जोडप्याला दत्तक हवं असेल तर दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला अडचण नाही. चांगलं झालं, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे नॉमिनीच्या हाती येतात आणि कायदेशीर वारस ते मागू शकतात. मृत्युपत्र करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन यातलं थोडं सावरता येतं, पण सगळं नाही. यादी इतकी नेमकी झाली की बोलणाऱ्याचा विरोध शब्दापुरता होता की माणसांना काहीच मिळू नये असा होता, ते आपोआप उघड होतं.

दुसरा, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा: हेच कारण तुम्ही स्त्री-पुरुष जोडप्याला लावता का? समजा कारण आहे 'विवाह प्रजोत्पत्तीसाठी असतो'. मग साठी ओलांडलेल्या विधवा-विधुरांच्या लग्नालाही तुमचा विरोध आहे का? कुणाचाच नसतो, उलट अशा लग्नाचं आपण कौतुक करतो. कायदाही अपत्याची अट घालत नाही. विशेष विवाह कायद्यात आणि हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्व हा विवाह रद्द होण्याचा आधार आहे, वंध्यत्व नाही. हा फरक वक्त्यांना बहुधा ठाऊक नसतो, आणि चर्चा इथंच घसरते. जी अट फक्त एकाच गटाला लावली जाते ती अट नव्हे, अडवणूक आहे. त्याला दुजाभाव म्हणायला मला संकोच वाटत नाही.

तिसरा: लग्नाचा विषय बाजूला ठेवला तर? ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. ते योग्य झालं का? समलिंगी जोडप्याला भाड्यानं घर द्याल का? शिक्षक समलिंगी आहे म्हणून त्याला कामावरून काढलं तर चालेल का? इथं जो स्वच्छपणे माणसाच्या बाजूनं उभा राहतो, त्याचा विवाहाबद्दलचा विरोध मी वेगळ्या कानांनी ऐकते. जो इथंही अडखळतो त्याचा विरोध विवाहाला नाहीच.

चौथा: काय झालं तर तुमचं मत बदलेल? 'मुलांचं नुकसान होईल' म्हणणाऱ्याला हा विचारायलाच हवा, कारण तो दावा तपासता येण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली विवाह आणि दत्तक दोन्हींना पाठिंबा दिला. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२३मध्ये तशीच भूमिका जाहीर केली. त्यांच्याशी असहमत व्हायला हरकत नाही, पण मग प्रतिपुरावा द्यावा. 'काही झालं तरी माझं मत बदलणार नाही' असं उत्तर आलं, तर मुलांचं हित हे त्याचं खरं कारण नव्हतं.

आता आपल्याकडचा खटला घेऊ, कारण तुमच्या वक्त्यांनी तोच आधार घेतला असणार. सुप्रियो विरुद्ध भारत सरकार: समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मागणारा सर्वोच्च न्यायालयातला खटला. १८ एप्रिल ते ११ मे २०२३ दरम्यान दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ला निकाल लागला. पाचही न्यायाधीशांनी विवाहाचा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्याचा अर्थ बदलता येणार नाही असं म्हटलं. नागरी भागीदारीला (म्हणजे विवाह न म्हणता जोडप्याच्या नात्याला) मान्यता आणि दत्तक या मुद्द्यांवर मात्र निकाल तीन विरुद्ध दोन होता: सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात राहिले. जानेवारी २०२५मध्ये पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

या खटल्यात विरोधाचे दोन अगदी वेगळे प्रकार शेजारी शेजारी उभे दिसतात. एक प्रकार कायद्याच्या बांधणीचा. विशेष विवाह कायद्याच्या चौथ्या कलमात पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षांची अट आहे. मग दोन पुरुषांना कुठली आणि दोन स्त्रियांना कुठली? घटस्फोटाचे काही आधार आणि पोटगी फक्त पत्नीसाठी आहे. पत्नी कोण हे कसं ठरवायचं? सगळं लिंगनिरपेक्ष वाचलं तर स्त्रियांना दिलेलं संरक्षण पातळ होईल का? सरकारच्या वतीनं महान्यायअभिकर्त्यांनी (सॉलिसिटर जनरल) १६० तरतुदींवर परिणाम होईल असं सांगितलं. हे युक्तिवाद पटोत न पटोत, त्यांना होमोफोबिया म्हणणं चूक आहे. न्यायालयानं किती करावं आणि संसदेनं किती, याबद्दलचा तो मतभेद आहे. बहुमतातल्या न्यायमूर्ती भट यांनी या जोडप्यांवर अन्याय होतो हे नाकारलं नाही; मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं सरकारनं कबूल केलं होतं ते नोंदवून घेतलं, आणि एप्रिल २०२४मध्ये ती समिती नेमली गेली.

दुसरा प्रकार शिक्क्यांचा. मार्च २०२३च्या प्रतिज्ञापत्रात पती, पत्नी आणि मुलं या 'भारतीय कुटुंबा'शी हे जुळत नाही असं म्हटलं गेलं. एप्रिलमध्ये तर ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचं सांगितलं. त्यासाठी आकडेवारी दिली नव्हती, हे सरन्यायाधीशांनी सुनावणीतच बोलून दाखवलं. इथं दुसरा प्रश्न लावून पाहा. कुणी शहरात राहतो म्हणून त्याचं लग्न नोंदवायचं नाही, असं स्त्री-पुरुष जोडप्याला कुणी म्हणेल का? आपल्याकडच्या एकट्या आयांनी वाढवलेल्या घरांना 'भारतीय कुटुंब' नाही म्हणून कुणी हक्क नाकारेल का? तेव्हा ही भाषा दुजाभावाची आहे, आणि ती सरकारी कागदावर आहे म्हणून सौम्य ठरत नाही.

बांधणीचा युक्तिवाद करणाऱ्याला मात्र आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नये: 'ठीक आहे, न्यायालयाचं काम नाही, मग उद्या संसदेत नवा, नीट आखलेला कायदा आला तर तुम्ही त्याला पाठिंबा द्याल का?' हो म्हणाला तर त्याचा आक्षेप प्रामाणिक होता. नाही म्हणाला तर त्याला त्याचं खरं कारण सांगायला लावा, आणि चारही प्रश्न पुन्हा त्या कारणाला लावा. केंद्रानं राज्यांना मत विचारलं तेव्हा आसाम, आंध्र प्रदेश आणि राजस्थाननं विरोध कळवला. महाराष्ट्रानं आणखी वेळ मागितला. तुमच्या मंचावर आमदार-खासदार बसलेले असतील तर हा प्रश्न त्यांना आधी विचारावा, कारण मत देण्याचं काम त्यांचं आहे.

धर्माचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सभेत कुणीतरी विचारणारच. 'माझ्या धर्मात हा संस्कार बसत नाही, माझे पुरोहित तो करणार नाहीत' हा धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे. आयर्लंडच्या कायद्यानंही कुठल्याच चर्चला असं लग्न लावण्याची सक्ती केली नाही. 'म्हणून नोंदणी कचेरीतही कुणाला लग्न करता येऊ नये' हे वाक्य मात्र त्यातून निघत नाही. विशेष विवाह कायदा मुळात संस्काराशिवायच्या लग्नासाठीच केलेला आहे. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी हिंदू आंतरजातीय विवाह वैध करणारं विधेयक आणलं आणि शाहू महाराजांनी त्याला पाठिंबा दिला. तेव्हाही विरोधकांत 'परक्या सरकारनं आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये' म्हणणारे होते आणि 'वर्णसंकर होईल' म्हणणारेही होते. पहिल्याशी राजकीय वाद घालता येतो. दुसऱ्याला जातीयवादी म्हणायला आज कुणी कचरत नाही. जात आणि लैंगिकता यांचा इतिहास एक नाही, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. पण कारणांची वर्गवारी कशी करावी हे श्रोत्यांना त्यातून चटकन कळतं.

एक विरोध असाही आहे जो या चाचण्यांत सहज टिकतो: विवाहसंस्थाच पितृसत्ताक आहे, तिचे विशेष हक्क कुणालाच नकोत, असं म्हणणारे काही स्त्रीवादी आणि समलिंगी कार्यकर्ते. त्यांची मोजपट्टी सगळ्यांना सारखी आहे.

आणि काही बोलण्यांना चाचणीची गरजच नसते. समलिंगी संबंध हा आजार आहे (जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९०लाच तो यादीतून काढला), त्यावर 'उपचार' करून घ्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये असे उपचार करणं डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं), उद्या जनावरांशी लग्न लावतील, मुलांना यांच्यापासून जपा: हे विवाहाबद्दलचं मत नाही. मंचावरून असं कुणी बोलला तर संचालकानं तिथल्या तिथं थांबवावं, आणि समोरच्या वक्त्यानं त्याला होमोफोबिया म्हटलं तर आक्षेप घेऊ नये.

तुमच्या पुढच्या वादसभेसाठी आता. विषयाचा ठराव 'समलिंगी विवाह योग्य की अयोग्य' असा ठेवू नका. त्यातून माणसांच्या जगण्यावर निवाडा मागितला जातो. 'संसदेनं समलिंगी जोडप्यांसाठी विवाहाचा कायदा करावा' असा ठेवा, म्हणजे कायद्यावर बोलणं भाग पडतं. सुरुवातीलाच एक नियम वाचून दाखवा: युक्तिवादाला काहीही म्हणा, माणसाला नाही. 'तुम्ही होमोफोबिक आहात' चालणार नाही. 'तुमचं हे कारण फक्त एकाच गटाला लागू होतं, म्हणून ते दुजाभावाचं आहे' हे चालेल, आणि ते ऐकून कुणाला उठून जायचं असेल तर त्याची मनधरणी करू नका. आरोप करणाऱ्यानं कारण द्यायला हवं, आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याला उत्तरासाठी दोन मिनिटं जादा मिळायला हवीत. उत्तर कारणाचंच असावं. 'माझे समलिंगी मित्र आहेत' हे उत्तर नव्हे.

तुम्ही लिहिलंत की त्या गदारोळात कुणीतरी श्रोत्यांतल्या एका तरुणाकडे बोट करून 'याला विचारा ना' असं म्हटलं आणि तुम्ही त्याच्या हाती माइक दिलात. ते पुन्हा करू नका. समलिंगी माणसाला बोलवायचं असेल तर वक्ता म्हणून, आधी विचारून, इतरांइतकाच वेळ देऊन बोलवा. श्रोत्यांत बसलेला माणूस ऐकायला आलेला असतो. कुणी असं बोट केलंच तर माइक स्वतःकडे ठेवा आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारा.